मदत हवी आहे: १८६०च्या सुमाराचं मुलाचं झुआव्ह जॅकेट

नमस्कार मंडळी. मुलांच्या नाटकासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाचं झुआव्ह जॅकेट शिवते आहे. काळ १८६०च्या आसपासचा, ठिकाण लंडन.

१८३० मध्ये अल्जीरियात उतरल्यावर फ्रेंचांनी झुआव्ह पलटणी उभारल्या. सुरुवातीचे शिपाई तिथल्या काबील टोळ्यांतले, गणवेशही स्थानिक पेहरावावर बेतलेला. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) या पलटणींचं नाव झालं आणि तेच आखूड जॅकेट युरोप-अमेरिकेत बायकांच्या आणि लहान मुलांच्या अंगावर आलं. एका मुलुखाचा रोजचा पोशाख पलटणीमार्गे पाळण्यापर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. म्हणूनच ते नीट व्हायला हवं.

अडलंय ते असं. जॅकेट फक्त गळ्याशी बंद होतं, पुढच्या दोन्ही कडा गोल फिरून मागे जातात. त्या गोलाईवर गोफाची नक्षी बसवताना लोकरी कापड चुण्या धरतं. गोफ आधी हाताने टाचून घ्यावा का? अस्तर लावण्याआधी की नंतर? कडेला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी दिली तर जाड दिसेल का? आणि पुण्यात बारीक, मऊ, काळा सुती गोफ कुठे मिळेल? बोहरी आळीत चमकणारा नायलॉनचाच दिसला, तो या काळाला अजिबात शोभणार नाही.