घाम न येताही योग होतो

घाम न गाळता केलेल्या आसनांचा उपयोग काय, या प्रश्नावर थोडं सांगते. शरीर सैलावायचं असेल तर उच्छ्वास लांबवणं फार कामाचं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. ओढाताण मात्र नको. बालासनात (गुडघ्यांवर बसून पुढे वाकायचं आसन) कपाळ जमिनीला टेकत नसेल तर खाली उशी घ्या, मान लगेच सैल पडते. पाठीवर झोपून, पाय वर भिंतीला टेकवून करायची विपरीत करणीही छान (काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आणि शवासन गाळू नका! घाईत बहुतेक जण नेमकं तेच सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधाराने सावकाश बसा.