रत्नागिरी: सामाईक जुनं घर पाडून इमारत, एका हिस्सेदाराचा विरोध

प्रश्न: घर जांभ्याचं, कौलारू. चौघांच्या नावावर, वाटणी नाही. तिघं बिल्डरला द्यायला तयार. त्यात 'धोकादायक' म्हणून नगर परिषदेची नोटीस आली आहे. घर वाचवायचं आहे. सुरुवात कुठून?

उत्तर १: नोटिशीची मुदत पाहा, त्याआधी लेखी उत्तर जायलाच हवं. मालमत्ता पत्रक जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे हरकत द्या, पोच घ्या. माहिती अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) पाहणी अहवाल मागवा. कुलमुखत्यारपत्रावर (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) सही नको, 'फक्त परवानगीपुरतं' म्हणाले तरी नको.

उत्तर २: कुणी हिस्सा विकलाच, तरी बाहेरच्या खरेदीदाराला कुटुंबाच्या राहत्या घराचा एकत्र ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४). पण तिघं वाटपाचा दावा लावू शकतात, आणि घर विभागता येत नसेल तर कोर्ट विक्रीकडे जाऊ शकतं. म्हणून त्यांचे हिस्से घ्यायला पैशांची तजवीज आत्ताच हवी. नुसत्या विरोधावर घर टिकत नाही.

उत्तर ३: स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनीयर आणा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं आधी तपासा. ओल आणि वाळवी तिथेच लागते. पेचकस टोचा, सहज रुतला तर तेवढं टोक कापून नवा तुकडा जोडता येतो, अख्खं छप्पर उतरवावं लागत नाही. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडते, पायथ्याशी पापुद्रे सुटतात, आणि पाहणीत तेच 'भिंत खचली' म्हणून लिहिलं जातं. तो काढून चुन्याचा करा. फोटो तारखेसह ठेवा.