मदत हवी आहे: ले-आउटमधली खुली जागा सार्वजनिक कशी करून घ्यायची?
नागपुरात, रिंग रोडच्या पलीकडे आमचा ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, आहे. मंजूर नकाशात खुली जागा स्पष्ट दाखवली आहे, सातबाऱ्यावर मात्र अजून मूळ मालकाचंच नाव. आजूबाजूला फ्लॅट स्कीम होताहेत, त्याला विरोध नाही. पण मुलांना खेळायला हीच एक जागा, आणि तिथे आता रेती-गिट्टीचे ढीग पडलेत.

नकाशाची प्रत काढली, लेखी अर्जाची पोच आहे. दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. माहिती अधिकाराचा अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला, उत्तर मोघम आलं. पहिलं अपील टाकतोच आहोत. रहिवाशांची संस्था नोंदलेली नाही, कोर्टाचा खर्च झेपणार नाही.

अशी जागा कोणी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नावावर करून घेतली आहे का? अर्ज नेमका कोणाकडे करायचा, आणि रहिवाशांची संस्था न नोंदवता तो चालतो का?