सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या) दिवशी स्लो कुकरमध्ये काय करू?

पोळीभाजी: रविवारी आमच्याकडे पंधरा-वीस जण येतील. ६ क्वार्टचा (साधारण साडेपाच लिटरचा) स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं भांडं, आहे. मॅच सोडून स्वयंपाकघरात उभं राहायचं नाहीये. काही जण शाकाहारी आहेत. सोपं काहीतरी सुचवा.

ओहायोवाली: डोळे मिटून ग्रेप जेली मीटबॉल्स कर. इथे मिडवेस्टात त्याशिवाय पार्टी होत नाही. ३२ औंसांची फ्रोझन मीटबॉल्सची पिशवी (पूर्ण शिजवलेलीच घे), १२ औंस चिली सॉस आणि कपभर द्राक्षाची जेली. हा चिली सॉस म्हणजे केचपशेजारी मिळणारी टोमॅटोची आंबटगोड बाटली, आपला चायनीजवाला नाही. जेली आणि मीटबॉल हे ऐकून नाक मुरडू नकोस. सॉसमधलं व्हिनेगर गोडी बरोबर तोलतं. हाय वर दोन-अडीच तासांत जेली विरघळून सॉस गडद आणि चकचकीत होतो, टूथपिकने उचलला तरी मीटबॉलला धरून राहतो. मी वरून लाल तिखट घालतेच. मध्ये मध्ये झाकण उघडू नकोस, कोंडलेली वाफ गेली की कुकर परत तापायला वेळ घेतो.

पोळीभाजी: वा! आणि शाकाहारींसाठी?

टेक्सासकर: केसो, म्हणजे वितळलेल्या चीजचं डिप! वेलवीटा या प्रोसेस्ड चीजची १६ औंसांची वडी तुकडे करून, रोटेलचा (टोमॅटो आणि हिरव्या मिरच्यांचा) १० औंसांचा डबा पाण्यासकट. लो वर ठेवा, अधूनमधून हलवा, सोबत टॉर्टिया चिप्स. नुसतं चेडर वापरू नका, तासन्‌तास तापलं की तूप सुटतं आणि खाली रबर उरतं. वेलवीटात सोडियम फॉस्फेट असतं, त्यामुळे ते एकजीव राहतं. कडक शाकाहारी असतील तर चीजच्या लेबलवर एन्झाइम्स कसले ते बघा, काही प्राण्यांपासून काढलेले असतात.

पोळीभाजी: दुसरा कुकर मागून आणते. दोन्ही शनिवारी करून फ्रीजमध्ये ठेवले आणि रविवारी कुकरमध्येच गरम केले तर?

ओहायोवाली: तसं मुळीच नको. गार अन्न स्लो कुकरमध्ये फार सावकाश तापतं, तेवढ्यात जंतू वाढतात. आधी गॅसवर १६५ फॅरनहाइटपर्यंत तापव, मग कुकरमध्ये ओतून वॉर्म वर ठेव. पार्टीभर १४० च्या खाली येता कामा नये. पण खरं सांगू? मीटबॉल्स त्याच दिवशी दुपारी लाव. दहा मिनिटांचं काम आहे. आणि टूथपिक्स भरपूर आण.