ग्लॉसी साइड टेबल घेतले आणि बेडरूमचा दवाखाना झाला, काय करू?

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज अगदीच राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमची बेडरूम १० बाय ११ ची. पलंग आजेसासऱ्यांच्या वाड्यातला, सागवानी, डोक्याशी कोरीव काम असलेला. तो हलवायचा नाही हा घरचा कायदा आणि खरं सांगायचं तर मलाही तो आवडतोच. दिवाळीत त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र हाय ग्लॉस साइड टेबल घेतले, दोन दोन ड्रॉवरवाले, शोरूममध्ये असे काही चमकत होते की विचारू नका.

घरी आणून लावले तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "काय गं, नंबर कितवा आपला?" आणि खरंच दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं हो. पांढरी फरशी, पांढरी ट्यूब, त्यात हे. शिवाय पलंगाशेजारी बुटके दिसतात, गादी नवीन ८ इंची घेतली त्यामुळे गादीचा वरचा भाग जमिनीपासून २५ इंचांवर गेलाय आणि टेबल १८ इंची, रात्री पाण्याची बाटली घ्यायची म्हणजे विहिरीत पोहरा सोडल्यासारखा हात खाली सोडायचा. वर कहर म्हणजे महिन्याभरात वरच्या फळीवर बारीक बारीक ओरखडे, एका कोपऱ्यात बुडबुड्यासारखं काहीतरी आणि लेकाच्या बोटांचे ठसे तर पोलीस स्टेशनला देता येतील इतके. दुकानदार म्हणतो तुम्ही नीट वापरत नाही. नवरा म्हणतो ओएलएक्सवर टाकू आणि काळे घेऊ, काळ्यावर काही दिसत नाही. बदला म्हणून सांगू नका, बजेट संपलंय. आहे त्यात काय करता येईल?

पेठेतला_रिकामटेकडा

आधी नवऱ्याला थांबवा. काळ्या ग्लॉसवर काही दिसत नाही हे ज्याने सांगितलं त्याने आयुष्यात फडकं हातात घेतलेलं नाही. आमच्याकडे काळं टीव्ही युनिट आहे, सकाळी पुसलं की दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं, आणि आमच्या समोर तर बांधकामही नाही. धूळ, ठसे, ओरखडे सगळं गडद ग्लॉसवरच जास्त उठून दिसतं. पांढरा त्या मानाने गरीब.

दुसरं, ट्यूब काढा हो. ग्लॉसी पृष्ठभाग म्हणजे अर्धवट आरसा, त्याला स्वतःचं रूप कमी आणि समोर जे असेल त्याचं जास्त. आज रात्री एक करा, पलंगावर आडवं पडा आणि टेबलाच्या पुढच्या बाजूत काय काय दिसतंय ते बघा. ट्यूबची पांढरी रेघ, उघडं कपाट, चार्जरच्या वायरी, खुर्चीवरचा न घडी घातलेल्या कपड्यांचा डोंगर (सगळ्यांकडे असतो, लाजू नका). ते सगळं तुमच्या खोलीत दोनदा आहे, एकदा खरं आणि एकदा टेबलात.

रंधा_आणि_भुसा

फर्निचरचं वर्कशॉप आहे, १४ वर्षं हेच करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी हे बघा की ग्लॉस कसला आहे, कारण 'हाय ग्लॉस' या एका नावाखाली दुकानात तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात. ड्रॉवर उघडा आणि दर्शनी फळीची कड निरखून बघा. कडेला कुठेच जोड नाही, रंग गोल वळून मागे गेलाय, तर तो पीयू पेंट, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. कडेला वेगळी पट्टी आहे आणि वरचा थर काचेसारखा जाड, खोल वाटतो, तर अॅक्रिलिक. आणि कडेला केसासारखी बारीक काळपट रेघ दिसली तर एक एमएमचं ग्लॉसी लॅमिनेट, म्हणजे सनमायका. का विचारतोय, तर पीयू आणि अॅक्रिलिकचे हलके ओरखडे बफिंग करून, म्हणजे पॉलिश लावून घासून, बरेचसे घालवता येतात, लॅमिनेटचा ओरखडा मात्र जन्माचा सोबती. पांढरा पीयू उन्हात पिवळा पडतो, म्हणजे पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी पडदा ओढायचाच.

पण तुमचं 'कोपऱ्यात बुडबुडा' वाचून मला वेगळीच शंका येतेय. अॅक्रिलिकच्या शीटवर कारखान्यातून पारदर्शक प्लास्टिकची फिल्म येते, माल बसवून झाला की काढायची असते. अर्ध्या लोकांकडे ती तशीच राहते, मोबाइलच्या स्क्रीनगार्डसारखी. कोपरा नखाने उचलून बघा बरं.

उंचीचं म्हणाल तर टेबल गादीच्या बरोबरीला किंवा इंच दोन इंच खाली असावा. तुम्हाला ७ इंच कमी पडतायत. खाली ६ इंची पाय बसवून घ्या, स्टीलचे नकोत, सागाचेच करा, पलंगाला लावलंय तसंच पॉलिश. टेबल लाकडावर उभा राहिला की पलंगाचा नातेवाईक वाटायला लागेल, आत्ता तो पाहुणा वाटतोय. लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला मिळेल, आठ पायांना लागतं किती, तुकड्यात काम होतं. अजून एक फायदा, आत बहुतेक एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) असणार आणि एमडीएफचा शत्रू म्हणजे फरशी पुसायचं पाणी. टेबल जमिनीला टेकलेला असला की खालची कड पाणी पिते आणि पावसाळ्यात पावासारखी फुगते. पाय लावायच्या आधी खालच्या उघड्या कडांना सीलर मारून घ्या.

मठारकाकू

रंधादादांनी पायांचं छान सांगितलं. मी फक्त वरच्या पसाऱ्याबद्दल बोलते. चमकणाऱ्या वस्तूशेजारी चमकणारं काही ठेवायचंच नाही, सॅटिनची बेडशीट, क्रिस्टलचा दिवा, सोनेरी फ्रेम, सगळं बाद. माझ्या मुलीकडे अगदी असेच टेबल आहेत, तिने साधी खादीची चादर घातली, पायाशी सोलापुरी चादर घडी घालून, आणि खोली एकदम शांत झाली. टेबलावर तिने कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला मठारकाम केलेला तांब्याचा लोटा ठेवलाय. ठोक्याठोक्याने उमटलेल्या त्या बारीक खळग्यांमुळे तांबं भपकन चमकत नाही, उजेड तुकड्यातुकड्याने परत येतो, आणि पांढऱ्या ग्लॉसमध्ये खाली त्याची तांबूस सावली पडते ती बघत बसावी अशी. पाणीही त्यातच, बाटलीची कटकट नाही. फक्त खाली विणलेलं आसन ठेवा, थेट ठेवलंत तर बुडाने ओरखडे काढेल. गरम चहाचा कपही थेट नको.

दिवा घ्याल तो कापडी किंवा कागदी शेडचा, बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, खोक्यावर वॉर्म व्हाइट लिहिलेलं असतं. ट्यूब ६५०० ची असते, दवाखाना तिथूनच येतो.

वास्तुप्रेमी७७

पलंगाजवळ प्रतिबिंब दिसणं वास्तूप्रमाणे चांगलं नसतं, टेबल दक्षिणेला सरकवून बघा.

पेठेतला_रिकामटेकडा

१० बाय ११ मध्ये सरकवून कुठे, शेजाऱ्यांकडे?

सिंहगडरोडवाली

रंधादादा, काय सांगू तुम्हाला!! कोपरा नखाने उचलला आणि सर्रकन वीतभर फिल्म हातात आली. सगळे ओरखडे तिच्यावर!! खाली टेबल अगदी नवाकोरा. मी महिनाभर लेकाला ओरडतेय हो. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो "मॅडम, ते तर सगळ्यांना माहीत असतं." सगळ्यांना म्हणजे कोणाला?

ट्यूब रात्री लावायची बंद केली, तात्पुरता हॉलमधला जुना कापडी शेडचा दिवा आणून ठेवलाय, त्यानेच निम्मा फरक पडला. आडवं पडून बघण्याचा प्रयोगही केला, टेबलात नवऱ्याची जिमची बॅग दिसली, जी जानेवारीपासून उघडलेली नाही. पायांचं माप घेऊन या रविवारी टिंबर मार्केटला जाऊ म्हणतेय.

एक अडचण मात्र राहिली, खिडकीकडच्या टेबलावर ऊन येतं, तिथली फिल्म तुकड्यातुकड्याने निघतेय आणि खाली चिकट राहतंय. कॉलिनने पुसू का? की नेलपॉलिश रिमूव्हर?

रंधा_आणि_भुसा

दोन्ही नको!! रिमूव्हरमधलं अॅसिटोन अॅक्रिलिक अक्षरशः विरघळवतं, आणि काचेच्या क्लीनरमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असलं तर बारीक तडे जाऊन चमक धुरकट होते. थिनर तर घरात असेल तर लपवून ठेवा. हेअर ड्रायर अगदी कमी गरमवर, लांबून फिरवा, फिल्म मऊ झाली की एका टोकाकडून सावकाश आडवी ओढत न्या, सरळ वर उपटू नका. राहिलेल्या चिकटावर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मायक्रोफायबरने हलक्या हाताने, दोनतीनदा करावं लागेल. रोजचं पुसणंही ओलसर फडक्यानेच, कोरड्याने पुसलं की धूळच पॉलिश पेपरचं काम करते. आणि टिंबर मार्केटला रविवारी जाण्याआधी फोन करून विचारा, बरीच दुकानं बंद असतात.