तीच अडचण पुन्हा पुन्हा: हा नेमका कोणता पॅटर्न?

प्रश्न
आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये रिलीज (नवी आवृत्ती बाहेर पडणं) जवळ आलं की बगचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांचा, ढीग साचतो. मग दोन अनुभवी लोक हातातलं सगळं सोडून तो निस्तरतात. थोडे दिवस शांतता, पुढच्या वेळी ढीग आणखी मोठा. सिस्टिम्स थिंकिंगमध्ये, म्हणजे गोष्टी एकमेकींवर कसा परिणाम करतात हे पाहण्याच्या पद्धतीत, अशा नेहमीच्या पॅटर्नना नावं आहेत. मला हा 'फिक्सेस दॅट फेल' (उपायच उलटतो) वाटतो, सहकाऱ्याला 'शिफ्टिंग द बर्डन' (तात्पुरत्या उपायावर भार पडून मूळ उपाय मागे पडतो). ओळखायचं कसं?

उत्तर
कशाचा कशावर परिणाम होतो हे दाखवणाऱ्या लूपच्या आकृत्या तूर्त बाजूला ठेवा, आधी काळानुसार आलेख काढा. एक रेषा उघड्या बगची, दुसरी तातडीच्या दुरुस्तीत गेलेल्या तासांची. बगचं प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा उंच दिसत असेल, तर तुम्हा दोघांचंही म्हणणं शक्य आहे. निवाडा तिसऱ्या रेषेवर होतो: बग होऊच नयेत म्हणून दिलेला वेळ, म्हणजे टेस्ट लिहिणं, कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं).

'फिक्सेस दॅट फेल'मध्ये उपायाचाच दुष्परिणाम काही काळाने मूळ दुखण्यावर येऊन आदळतो. तुमच्याकडे तसं असेल, तर घाईच्या पॅचमधूनच (तातडीच्या दुरुस्तीतूनच) नवे बग जन्माला येत असणार. व्हर्जन हिस्टरी (कोडमधल्या बदलांची नोंद) तपासा, लगेच कळेल. 'शिफ्टिंग द बर्डन'मध्ये पॅच अगदी निर्दोष असला तरी घसरण चालूच राहते. 'ते दोघं बघतील' म्हणून बाकीचे टेस्ट लिहीत नाहीत (तिसरी रेषा खाली येते), त्या दोघांना शिकवायला वेळ उरत नाही, आणि टीमची मूळ क्षमताच झिजते. पूर्वी इतरांना जमणारं काम आता जमेनासं झालंय का, हे विचारा. माझा कौल तुमच्या सहकाऱ्याकडे आहे.

दुसरं उत्तर
'ड्रिफ्टिंग गोल्स' (ध्येयच हळूहळू खाली घसरणं) हा पॅटर्नही तपासा. रिलीजपूर्वी किती उघडे बग चालतात, याची मर्यादा हळूहळू सैल झाली असेल तर ढीग वाढणारच. जुने रिलीज निकष काढून शेजारी ठेवा.

आणि ऐनवेळी माणसं वाढवू नका. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. हा मात्र खरोखर 'फिक्सेस दॅट फेल'.

प्रश्नकर्ता
तपासलं. पॅचमधून आलेले बग मोजकेच निघाले, निकषही तेच आहेत. पण एका मॉड्यूलला (सॉफ्टवेअरच्या एका भागाला) आता त्या दोघांशिवाय कुणी हातच लावत नाही, पूर्वी सगळे लावायचे. पुढच्या रिलीजला त्यांना थांबवू का?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून
एकदम नको. तातडीचा उपाय अचानक काढून घेतला तर रिलीज कोसळेल, आणि मूळ उपायावरचा सगळ्यांचा विश्वासही उडेल. त्या दोघांनी स्वतः दुरुस्ती करण्याऐवजी शेजारी बसून दुसऱ्याकडून करून घ्यावी. सुरुवात मोजक्या, सोप्या बगपासून. तेवढ्यानेही काम रेंगाळेल आणि बगची रेषा आधी वरच जाईल. हे वरिष्ठांना आजच सांगून ठेवा, आलेखावर दाखवून. आधी कल्पना नसेल, तर ती रेषा वर जाताना पाहून तेच त्या दोघांना पुन्हा कामाला जुंपतील.