पीएसयूटिलचा एजंट: प्रोसेसचा सीपीयू कायम शून्य, मेमरी ९१ टक्के, आणि लाईट आली की नेटवर्कचा सुळका

लूमशेड_आयटी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ६ मशीन आहेत, सगळ्यांवर उबंटू, ४ कोर, ८ जीबी रॅम. पायथनमध्ये पीएसयूटिल (मशीनचे आकडे देणारी लायब्ररी) वापरून लिहिलेला एजंट दर ३० सेकंदांनी आकडे गोळा करून ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवतो. चार गोष्टी जुळत नाहीत:

१. ‘पिड्स’मधून यादी घेऊन प्रत्येक पीआयडीचा (प्रोसेसच्या नंबरचा) ‘प्रोसेस’ ऑब्जेक्ट बनवतो आणि त्यावर ‘अ‍ॅज_डिक्ट’ मारतो. त्यातून येणाऱ्या माहितीत सीपीयू कायम ०.०.
२. मेमरी ९१ टक्के दिसते, पण मशीन अजिबात अडकत नाही. हिशोब: एकूण वजा ‘फ्री’.
३. एजंट स्वतःच एका कोरचा ९-१० टक्के सीपीयू खातो.
४. लाईट जाऊन आली की नेटवर्कच्या ग्राफवर आभाळाला टेकणारा सुळका. मागचं रीडिंग फाईलमध्ये ठेवून वजाबाकी करतो. ती ऋण यायची म्हणून ‘अ‍ॅब्स’ लावलंय, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकलंय.

शिवाय शेडमधलं ४ नंबरचं मशीन दुपारी हळू होतं. कोणत्या ग्राफवर बघायचं तेही सांगा.

होटगी_रोड

मुद्दा १ आणि ३ चं मूळ एकच आहे, तो प्रत्येक पीआयडीवर फिरणारा लूप.

सीपीयूचा टक्का ही एका क्षणाची गोष्ट नसतेच. कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त मोजत राहतो, टक्का दोन रीडिंगच्या फरकातून निघतो. ‘सीपीयू_पर्सेंट’ मागचं रीडिंग त्या ऑब्जेक्टमध्येच जपून ठेवतं. तुम्ही दर फेरीला नवा ऑब्जेक्ट बनवता, म्हणजे प्रत्येक कॉल हा पहिलाच कॉल, आणि पहिल्या कॉलचं उत्तर ०.० ठरलेलं. ‘प्रोसेस_इटर’ वापरा. ते जुने ऑब्जेक्ट सांभाळून पुढच्या फेरीला तेच परत देतं. पहिल्या फेरीचे आकडे टाकून द्यायचे.

यावर ‘इंटरव्हल=१ द्या’ (म्हणजे एक सेकंद थांबून मोजा) असा सल्ला हमखास मिळतो. प्रोसेसच्या लूपमध्ये तो घालू नका. १८० प्रोसेस असतील तर १८० सेकंद थांबणं आलं, एक फेरी तीन मिनिटांची. पूर्ण मशीनच्या आकड्यासाठी एकदा दिला तर चालतो.

आणि प्रोसेसचा टक्का कोरच्या संख्येने भागलेला नसतो. ४ कोरवर ४०० पर्यंत जाऊ शकतो, १०० ला अलार्म लावून बसू नका.

आता ९-१० टक्के कुठे जातात ते. ‘अ‍ॅज_डिक्ट’ला नावं दिली नाहीत तर ते सगळं खणून आणतं: उघड्या फाईली, सॉकेट, मेमरी मॅप. ‘स्मॅप्स’ (मेमरी मॅपचा तपशील) वाचणं सगळ्यात महाग, कारण कर्नलला प्रोसेसची पानं चाळावी लागतात. ‘प्रोसेस_इटर’ला हवी तेवढीच नावं द्या: पीआयडी, नाव, सीपीयू_पर्सेंट, मेमरी_इन्फो. रिकामी यादी देऊ नका, तिचा अर्थ पुन्हा ‘सगळं’ असाच होतो. ‘मेमरी_फुल_इन्फो’ हवंच असेल तर आरएसएसने (प्रत्यक्ष व्यापलेल्या रॅमने) वरच्या पाच प्रोसेसपुरतं, तेही ५ मिनिटांतून एकदा. ते वेगळं मागाल तेव्हा ‘नो_सच_प्रोसेस’ आणि ‘अ‍ॅक्सेस_डिनाइड’ पकडा, मधल्या वेळेत प्रोसेस मेलेली असू शकते.

मेमरीचं सोपं आहे. लिनक्स मोकळी रॅम फाईल कॅशला लावतो आणि गरज पडली की सोडतो. ‘फ्री’ ७२० एमबी असेल तर तुमचा हिशोब ९१ टक्के दाखवणारच. त्याच वेळी ‘अव्हेलेबल’ ५,२०० एमबी असेल तर खरा वापर ३५ टक्क्यांच्या आसपास. ‘व्हर्च्युअल_मेमरी’चं ‘पर्सेंट’ हाच हिशोब करून देतं, स्वतः वजाबाकी कशाला?

मुद्दा ४ साठी ‘अ‍ॅब्स’ आधी काढा. मशीन चालू झालं की नेटवर्कचा काउंटर शून्यापासून सुरू होतो. मागचं रीडिंग ४८ जीबी, आताचं २ एमबी. वजाबाकी उणे ४८ जीबी, ‘अ‍ॅब्स’ने ती अधिक झाली, ३० ने भागली, झाला सुळका. ‘बूट_टाइम’ (मशीन चालू झाल्याची वेळ) बदलला असेल तर ते रीडिंग फेकून द्या.

प्रॉक_वाचक

वरचं सगळं बरोबर, फक्त ‘बूट_टाइम’वर विसंबू नका. तो घड्याळावरून काढलेला असतो. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (बंद असताना घड्याळ चालवणारी) मेलेली असेल तर लाईट आल्यावर तारीख भलतीच निघते, मग एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम) ती दुरुस्त करतो, आणि मशीन बंद न होताही बूट टाइम सरकतो. त्याऐवजी ‘/प्रॉक/सिस/कर्नल/रँडम/बूट_आयडी’ वाचा. प्रत्येक बूटला नवा आयडी. तो रीडिंगसोबत फाईलमध्ये लिहा, जुळला नाही तर वजाबाकीच करायची नाही.

भागायला ३० पण नको. फेरी कधी ३१ सेकंदांची होते, कधी ३४ ची. ‘टाइम.मोनोटॉनिक’चा (फक्त पुढेच जाणाऱ्या घड्याळाचा) फरक घ्या. ते घड्याळ नव्या बूटला पुन्हा सुरू होतं, त्यामुळे बूट आयडी जुळला तरच वापरायचं.

आकडे खरे आहेत का ते हाताने ताडून बघा. ‘/प्रॉक/स्टॅट’च्या पहिल्या ओळीतले आकडे टिकमध्ये असतात, सहसा सेकंदाला १००. ४ कोर, ३० सेकंद म्हणजे एकूण फरक १२,००० च्या जवळ यायला हवा. आयडल (रिकामा वेळ) आणि आयओवेट (डिस्कची वाट बघण्याचा वेळ) मिळून फरक १०,८०० असेल तर सीपीयू १० टक्के व्यस्त. बेरीज करताना ‘गेस्ट’ (व्हर्च्युअल मशीनचा वेळ) धरू नका, तो ‘युजर’मध्ये आधीच मोजलेला असतो.

उन्हाळा_४३

४ नंबरचं मशीन दुपारीच हळू होतंय म्हणजे तापमान बघा ओ. सोलापूरचा एप्रिल-मे, वर पत्र्याचं शेड, आणि हीटसिंकमध्ये सुताची रुई.

‘सेन्सर्स_टेंपरेचर्स’मध्ये इंटेलसाठी ‘कोरटेंप’ येतं, त्यातले करंट, हाय, क्रिटिकल तिन्ही पाठवा. विंडोजवर हे फंक्शनच नाही, पुढे तिकडे एजंट न्यायचा असेल तर ‘हॅजअ‍ॅट्र’ने आधी तपासा. पक्का पुरावा मात्र ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल/कोर_थ्रॉटल_काउंट’ इथे मिळेल. हा काउंटर दुपारी वाढत असेल तर सीपीयू गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतोय. मग प्रोग्रामला दोष देण्यात अर्थ नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, हवेने गरागरा फिरला तर बेअरिंग जातं.

लूमशेड_आयटी

लूप बदलला, ‘अ‍ॅब्स’ काढलं, बूट आयडी घातला. एजंट आता १ टक्क्याच्या खाली. थ्रॉटल काउंट पाच मशीनवर शून्य, ४ नंबरवर ३१२. उद्या शिफ्ट बदलताना कॅबिनेट उघडतो.